मदत हवी आहे: कोविडमधून बरं झाल्यावर अमेरिका प्रवास, डॉक्टरांचं पत्र कोणाचं चालतं?

आईबाबा २४ फेब्रुवारी २०२२ ला मुंबईहून न्यूअर्कला यायचे आहेत. विमान थेट आहे, दोघांचेही कोविशील्डचे दोन डोस झालेत, प्रमाणपत्रं आहेत.

अडचण आईची. १९ जानेवारीला तिची आरटीपीसीआर पॉझिटिव्ह आली. आता ठणठणीत आहे, पण परवा पुन्हा केली तर अजून पॉझिटिव्हच! डॉक्टर म्हणाले, मेलेल्या विषाणूचे अवशेष कित्येक आठवडे सापडू शकतात.

सीडीसीचा (अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था) फेब्रुवारी २०२२ मधला नियम वाचला आहे. निघण्याच्या आदल्या दिवशीची निगेटिव्ह टेस्ट (अँटिजेनही चालते), किंवा ९० दिवसांच्या आतला पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि प्रवासाला हरकत नाही असं डॉक्टरांचं सही-तारखेचं पत्र, लेटरहेडवर, पत्ता-फोनसह. बाबांनाही तेव्हाच झाला, पण त्यांनी घरच्या किटवर बघितलं, लॅबचा रिपोर्टच नाही. त्यामुळे ते अँटिजेन करतील. आईची अँटिजेनही करूच, पण ऐनवेळी पॉझिटिव्ह आली तर पत्र हाताशी हवं.

एअरलाइनला दोनदा फोन केला, दोन वेगळी उत्तरं मिळाली. तारीख पुढे ढकलता येत नाही, बायकोची डिलिव्हरी मार्चच्या पहिल्या आठवड्यात आहे.

आमचे फॅमिली डॉक्टर बीएएमएस आहेत, नोंदणीकृत. शिवाय आईच्या लॅब रिपोर्टवर मधलं नाव नाही, पासपोर्टवर आहे. जन्मतारीख मात्र दोन्हीकडे सारखी. गेल्या महिन्याभरात असं पत्र दाखवून कोणी गेलंय का? चेक-इन काउंटरवर बीएएमएस डॉक्टरांचं पत्र घेतात, की एमबीबीएस/एमडीच लागतो? आणि नावातल्या फरकावरून अडवतात का?