हॉटेलच्या टीव्हीवर चित्र चार मिनिटांनी गोठतं. नेटवर्क स्विचमध्ये काय बघू?

नाशिककर
नमस्कार मंडळी. आमच्या हॉटेलात आयपीटीव्ही (नेटवर्कवरून येणारा टीव्ही) आहे, प्रत्येक चॅनल वेगळ्या मल्टिकास्ट ग्रुपवर (म्हणजे ज्याला हवा त्याने घ्यायचा असा सामायिक पत्ता). आधी सगळा ट्रॅफिक प्रत्येक पोर्टवर जायचा आणि वायफाय रडायचं, म्हणून स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (कुठल्या पोर्टला कुठला ग्रुप हवा ते ऐकून तिथेच पाठवणं) चालू केलं. वायफाय सुधारलं, पण आता टीव्ही लावला की चार-सव्वाचार मिनिटांनी चित्र गोठतं. चॅनल बदलून परत आलं की पुन्हा तेवढाच वेळ चालतं. मॅक टेबलचा (कुठला उपकरण-पत्ता कुठल्या पोर्टवर, ती स्विचमधली यादी) एजिंग टाइम, म्हणजे नोंद टिकण्याचा वेळ, ३०० सेकंदांवरून वाढवला, फरक नाही. टीव्हीच्या व्हीलॅनमध्ये (स्विचवरच वेगळं काढलेलं नेटवर्क) राउटर नाही. पाहुण्यांची बोलणी रात्रपाळीच्या पोरांना खावी लागतात, ते बघवत नाही.

वायरवाले_काका
एजिंग टाइम पूर्ववत करा, त्याचा इथे संबंध नाही. स्विच पत्ता शिकतो तो फ्रेम पाठवणाऱ्याचा. मल्टिकास्ट पत्त्यावरून कधी कुणी पाठवत नाही, त्यामुळे तो त्या टेबलात आपोआप येतच नाही. स्नूपिंग नसताना सगळीकडे पूर येतो तो त्यामुळेच.

तुमच्याकडे क्वेरिअर नाही, म्हणजे ग्रुप अजून कुणाला हवाय का हे विचारणारा. टीव्ही ग्रुपमध्ये शिरताना रिपोर्ट (‘मला हा ग्रुप हवा’ असा निरोप) पाठवतो, पुढे कुणी विचारलं तरच उत्तर देतो. विचारायचं काम एरवी राउटर करतो, दर १२५ सेकंदांनी. कुणीच विचारलं नाही, तर स्विच २६० सेकंद थांबून (१२५ ची दुप्पट अधिक १०) तो पोर्ट ग्रुपमधून काढतो. तुमची सव्वाचार मिनिटं हीच. मुख्य स्विचवर त्या व्हीलॅनला आयपी द्या आणि स्नूपिंग क्वेरिअर चालू करा. दोन स्विचवर लावलात तरी चालेल, लहान आयपीवाला निवडला जातो.

नाशिककर
काका, खूप आभार! चित्र आता थांबत नाही. एकच शंका: २३९.०.०.५ वरचा चॅनल अजूनही सगळ्या पोर्टांवर दिसतोय. बाकीचे २३९.१०.१ मधले ग्रुप नीट आहेत.

लॅन_ताई
तो पत्ताच बदला, दादा. मल्टिकास्ट आयपीचे शेवटचे २३ बिटच मॅक पत्त्यात उतरतात, म्हणून ३२ वेगवेगळे आयपी एकाच मॅकवर येऊन बसतात. २३९.०.०.५ चा मॅक होतो ०१:००:५ई:००:००:०५. तोच २२४.०.०.५ चा, म्हणजे ओएसपीएफचा (राउटरांच्या आपसातल्या निरोपांचा). २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ हे ग्रुप स्विचने सगळीकडे पाठवणं अपेक्षितच आहे, आणि नुसता मॅक बघणारा स्विच तुमचा चॅनलही त्यांच्यासोबत सोडतो. त्यालाही २३९.१०.१ मधलाच मोकळा क्रमांक द्या. २३९.१२८.० ने सुरू होणारे पत्तेही टाळा, तिथेही हेच होतं.