सिकलसेलला मलेरियाविरुद्धचं ‘कवच’ म्हणावं का?

चंद्रभागा: काल एका ग्रुपवर वाचलं की आफ्रिकेतल्या लोकांच्या रक्तातच मलेरियाविरुद्ध कवच असतं, निसर्गाची देणगी म्हणे. फार लागलं मनाला. २०२३ मध्ये मलेरियाने जगात अंदाजे ५ लाख ९७ हजार माणसं गेली, त्यातली ९५ टक्के आफ्रिकेत, आणि तिथे दर चार मृत्यूंमागे तीन पाच वर्षांखालची लेकरं. कसलं कवच? ब्रिटिश संशोधक अ‍ॅलिसनने १९५४ ला दाखवलं ते मान्य, सिकलसेलचं (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात तो आनुवंशिक आजार) जनुक एकाच पालकाकडून आलं तर गंभीर मलेरियाचा धोका जवळपास ९० टक्के कमी होतो. पण दोघांकडून आलं तर? मी नंदुरबारकडे लॅबमध्ये होते, लाल कार्डवालं, म्हणजे दोन्हीकडून जनुक आलेलं रुग्ण, वर्षाचं पोर पाहिलंय, हातापायाची बोटं सुजून टम्म, आईने नुसतं उचललं तरी किंचाळायचं. याला देणगी म्हणवत नाही मला.

मुकुंद_के: ताई, तुमचं दुःख कळतं, ‘देणगी’ शब्द मलाही नको, पण म्हणून जनुकांचा अभ्यासच नको असा सूर निघायला नको. केनियाच्या किलिफीत दांतू नावाचा दुर्मिळ रक्तगट सापडतो, त्यात तांबड्या पेशीचं आवरण जास्त ताणलेलं असतं, ढोलाच्या पानासारखं, आणि परजीवीला आत घुसणं अवघड जातं. गंभीर मलेरियाचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी. परजीवीला नेमकं कुठे अडवायचं ते इथूनच कळणार ना?

सह्याद्रीपुत्र: दोघांनाही एक सांगतो, ‘आफ्रिकेतले लोक’ असा एक गट नाहीच. दांतू पूर्वेकडे, पश्चिम आफ्रिकेत फारसा नाही, तिकडे बुर्किना फासो, मालीत हिमोग्लोबिन सी, तोही रक्तातला मलेरियापासून वाचवणारा एक बदल. डफी निगेटिव्ह रक्तात तांबड्या पेशीवरचं डफी नावाचं दार नसतं, त्यामुळे व्हायवॅक्स हा मलेरियाचा परजीवी बराचसा अडतो, पण आफ्रिकेत जीव घेतो तो फाल्सिपेरम हा दुसरा परजीवी, त्याला ते दार लागतच नाही. आणि २०२१ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गॅम्बिया-केनियाच्या आजारी मुलांच्या रक्तात परजीवीचे असे प्रकार सापडले की ज्यांच्यापुढे सिकलसेल वाहकाचंही (एकाच पालकाकडून जनुक आलेल्याचं) संरक्षण दिसेना. म्हणजे परजीवीही बदलतोय.

चंद्रभागा: तेच तर म्हणतेय! कवच कवच म्हणत बसलो की मच्छरदाणी आणि लस मागे पडते. मलेरियाची आर२१ लस आपल्या पुण्यात सीरममध्ये बनते, ऑक्टोबर २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली, पैसा जनुकांच्या अभ्यासापेक्षा ती गावागावात पोचवायला लागू दे.

मुकुंद_के: हे नाही पटत ताई. ज्या किलिफीत हे रक्तगट तपासले तिथेच ९० च्या दशकात औषध लावलेल्या मच्छरदाण्यांची चाचणी झाली, गंभीर मलेरियाने दवाखान्यात येणारी मुलं ४४ टक्क्यांनी घटली. पुढे लसींच्या चाचण्याही तिथेच. वर्षानुवर्षं त्याच गावांतल्या पोरांची नोंद ठेवणारी माणसं आहेत म्हणून हे सगळं झालं, एकाचा पैसा काढून दुसऱ्याला द्यायचा हिशोब इथे बसत नाही.

चंद्रभागा: बरं, पैशाबद्दलचं मागे घेते, किलिफीचं हे मला माहीत नव्हतं. पण कवच शब्दावर ठाम आहे. ज्या पोराला दोन्हीकडून सिकलसेल आलंय त्याला मलेरिया झाला तर रक्त झपाट्याने उतरतं आणि ते जास्त दगावतं. ज्या घरात ‘आपल्याला मलेरियाचं काही होत नाही’ असं ऐकलेलं असेल ते ताप आल्यावर दोन दिवस थांबतील, आणि तेवढ्यात पोर हातचं जाईल. जन्मल्या जन्मल्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन तपासा, आईला स्पष्ट सांगा की हे पोर वाहक आहे की रुग्ण.