प्रतिसाद: आधी मोनो तपासा

सीडीवरचं गाणं जुन्या ४५च्या (मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या) तबकडीसारखं का वाटत नाही, असा प्रश्न आहे. दोष दर वेळी रीमास्टरिंगचा (जुन्या टेपवरून आवाज नव्याने सुधारून घेण्याचा) नसतो. मूळ टेपच वेगळी असू शकते. कॅपिटॉल या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीने १९६१च्या सुमारास मोनो (दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेल्या) टेपचा 'ड्युओफोनिक' नावाचा नकली स्टिरिओ केला: एका बाजूला खर्ज, दुसरीकडे तार, मध्ये किंचित विलंब. विहिरीतून गायल्यासारखं!

ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक दोन मोनोंत फोडा, एक इन्व्हर्ट करा (त्याची लहर उलटी करा), दोन्ही एकत्र वाजवा. पूर्ण शांतता म्हणजे अस्सल मोनो. नुसती खरखर उरली तर मोनो तबकडीवरून उतरवलंय. युरोपात १९६२पर्यंतची ध्वनिमुद्रणं हक्कमुक्त असल्याने तिकडच्या स्वस्त संचांत असं तबकडीवरून उतरवलेलं बरंच सापडतं. वेष्टनावर बारीक अक्षरात 'री-रेकॉर्डेड' (म्हणजे गाणं नंतर पुन्हा गाऊन मुद्रित केलेलं) दिसलं तर सरळ परत ठेवा.