क्रिप्टोत कमावले, बुडवले का अडकले? आपल्या इकडचे अनुभव सांगा राजेहो

पानठेलेवाला, पांढरकवडा

आमच्याकडे आता पानठेल्यावर पोट्टे सोयाबीनच्या भावाआधी बिटकॉइनचा भाव विचारतेत, म्हणून हा धागा काढून रायलो. ज्यायनं कमावले त्यायनं स्क्रीनवर किती दिसले ते नका सांगू, बँकेत किती आले ते सांगा. टॅक्स कसा भरला, रिटर्न कोणी भरून देल्लं, अन् फसवणारा कसा ओळखू आला ते तर सांगाच सांगा. "क्रिप्टो म्हणजे जुगार" एवढंच लिहासाठी नका येऊ, ते आमचे मामा रोज सांगतेत. रेफरल लिंक टाकणाऱ्याले दुरूनच रामराम.

माझंच आधी सांगतो. 2021 च्या जानेवारीत 40,000 चं बिटकॉइन घेऊन ठेवलं होतं, मंग ते वर गेलं, खाली गेलं, 2022 मध्ये तर इतकं खाली गेलं का मी ॲप उघडनंच सोडून देल्लं. 2024 च्या डिसेंबरात एक लाख डॉलरच्या वर गेलं तेव्हा विकलं, 1,40,000 आले. आता आमच्या घरी वावराचंच उत्पन्न, त्याच्यावर टॅक्स नाई, त्याच्यानं आजोबापासून कोणी रिटर्न भरलं नाई. मले वाटे का दुसरी कमाई नाई तर एवढ्याशा पैशावर टॅक्स कायचा. पण तसं नाई बावा. 2022 च्या 1 एप्रिलपासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरळ 30 टक्के, वरून 4 टक्के सेस, अन् ते बाकीच्या कमाईले जी सूट असते ते इथं चालत नाई, पहिल्या रुपयापासून लागते. एक लाख नफा, टॅक्स 31,200. एक्सचेंजनं, म्हणजे ज्या ॲपवर क्रिप्टो घेतो-विकतो त्यानं, विकताना 1 टक्का टीडीएस म्हणजे 1,400 कापलेलेच होते, बाकीचे 29,800 मी स्वतः इन्कम टॅक्सच्या साइटवर चलान काढून भरले. हे शेवटचं वाक्य ध्यानात ठेवा, मीच भरले, सरकारले भरले, एक्सचेंजले नाई.

बोला आता.

दारव्ह्याचा

आमच्या घरचा किस्सा थोडा येगळाच हाये. लहान भावाचं तेव्हा वय नव्हतं अन् पॅन कार्डबी नव्हतं, तर त्यानं बाबाच्या आधार-पॅनवर केवायसी केली. बाबाले वाटलं पोट्टा पीक विम्याचं काईतरी करून रायला, त्यायनं फोनसमोर तोंड धरलं, मान हालवली, झालं. पोट्ट्यानं चांगलं कमावलं, खोटं कायले सांगू, त्याचा मोबाईल अन् घरात कूलर आला.

मंग सीएकडं गेलो तर तो म्हणे हे सगळं तुमच्या बाबाच्या नावानं दिसते, एआयएस अन् 26एएसमध्ये, म्हणजे इन्कम टॅक्सवाल्यायकडं पॅनवर ज्या नोंदी असतेत त्याच्यात, टीडीएससकट. रिटर्न भरलं, टॅक्स भरला, सगळं कायदेशीर. पण पीएम किसानचा नियम असा हाये का ज्यानं मांगच्या असेसमेंट वर्षात इन्कम टॅक्स भरला तो अपात्र! बाबाचा हप्ता बंद, अन् त्याच्यावरच राज्याच्या नमो शेतकरीचाबी हप्ता चालते, तोबी बंद. वर्षाचे सहा अन् सहा बारा हजार. पोट्ट्याच्या नफ्यापरीस हे कमी हाये म्हणा, पण बाबा आजबी आल्यागेल्याले सांगतेत का सरकारनं मले श्रीमंतात टाकलं. त्याच्यानं ज्याची कमाई त्याचाच पॅन वापरा गड्याहो, मायबापाच्या नावानं धंदे नका करू.

पानठेलेवाला, पांढरकवडा

दारव्हा, हे तर मलेबी माहीत नव्हतं. सेतूवाल्याकडून रिटर्न भरणाऱ्यायनं अजून एक पाहा, तो सवयीनं आयटीआर-1 भरून मोकळा होते. त्या फॉर्मात क्रिप्टोचा रकानाच नाई. आयटीआर-2 लागते, धंदा म्हणून करत असान तर 3, त्याच्यात शेड्यूल व्हीडीए म्हणजे क्रिप्टोसारख्या डिजिटल मालमत्तेचा तक्ता हाये, तिथं कधी घेतलं, कधी विकलं, कितीले, असं एकेक लिहा लागते.

धानवाला, गोंदिया

माझा अनुभव दोन ओळीत. एप्रिल 2022 मध्ये जुनी कॉइन विकून 40,000 फायदा, ते सगळे अन् वरून घरचे घालून लुना नावाचं कॉइन घेतलं, मे महिन्यात लुना शून्यावर, 60,000 गेले. म्हणजे वर्षाले तोटाच. तरी टॅक्स 12,480! कावून, तर एका कॉइनचा तोटा दुसऱ्या कॉइनच्या नफ्यातून वजा करता येत नाई, पुढच्या वर्षी नेता येत नाई. दुकानदाराले तोटा दाखवता येते, शेअरवाल्याले येते, आम्हालेच नाई. अन् टीडीएस तर विकलेल्या रकमेवर, तोट्यात विका का फायद्यात. हा कायदा ज्यानं केला त्याले क्रिप्टो बंद करायचं होतं पण बंद म्हणायचं नव्हतं, असं माझं मत.

हिंगणघाटचा कापूसवाला

मी पी2पीवर यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावानं चालणारं कॉइन, विकत होतो. म्हणजे एक्सचेंजवर समोरचा माणूस ऑर्डर लावते, तो आपल्या खात्यात सरळ पैसे टाकते, मंग आपुन यूएसडीटी सोडतो. भाव बाजारापेक्षा दोन-तीन रुपये जास्त भेटे, म्हणून बरं वाटे. एकदा पैसे आले ते भलत्याच नावानं. ऑर्डर एकाची, पैसे पाठवणारा दुसरा. मी म्हटलं आले ना पैसे, सोडून देल्ले.

थोडे दिवस गेले अन् बँकेत गेलो तं खातं फ्रीज. दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांचं पत्र, म्हणे कोनाची तरी फसवणूक झाली, तो पैसा फिरत फिरत तुमच्या खात्यात आला. अन् याच खात्यात सीसीआयचे, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाचे, कापसाचे पैसे यायचे होते! ते आले अन् तिथंच बसले. मजुराले द्यायचे, कृषी केंद्राची उधारी, अन् खात्यात पैसे दिसतेत पण काढता येत नाई. मॅनेजर म्हणे आमच्या हातात काई नाई. शेवटी बँकेतून त्या तक्रारीचा नंबर अन् ठाण्याचा मेल घेतला, ऑर्डरचा पुरावा, चॅट, स्टेटमेंट सगळं पाठवलं, किती फोन केले त्याची गिनती नाई, तिकडच्या हवालदाराचं हिंदी मले कळे ना माझं त्याले. मंग तेवढी वादातली रक्कम अडकवून बाकी खातं मोकळं केलं. तेवढी अजून तिथंच हाये.

ज्याची केवायसी त्याच्याच नावानं पैसे आले तर घ्या, नाईतर ऑर्डर रद्द करून वापस करा. अन् शेतीचं खातं अन् हे खातं येगळं ठेवा.

मेहकरच्या बाई

मी शाळेत शिकवते, क्रिप्टोचा मला गंध नाही, पण आमच्या नणंदेच्या मिस्टरांचं जे झालं ते सविस्तर लिहिते.

त्यांना कोणीतरी टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये घेतलं. तिथे एक "ॲनालिस्ट मॅडम", रोज सकाळी गुड मॉर्निंग, मग कोणतं कॉइन घ्यायचं ते, आणि संध्याकाळी शंभरेक लोकांचे नफ्याचे स्क्रीनशॉट. ॲप प्ले स्टोअरवर नाही, ग्रुपमधल्या लिंकवरून टाकायचं. सुरुवातीला 20,000 टाकले, 3,000 काढून पाहिले तर खरंच आले. तिथेच माणूस फसतो. मग सोयाबीनचे टाकले, मग ताईचं सोनं गहाण ठेवून टाकले, सगळे मिळून चार लाखांच्या वर गेले. प्रत्येक वेळी पैसे पाठवायचं खातं वेगळं, कधी कुठल्या ट्रेडर्सचं, कधी कोणा बाईचं. ॲपमध्ये दिसत होते 19 लाख.

काढायला गेले तर मेसेज आला की भारत सरकारच्या नियमाप्रमाणे क्रिप्टोवर 30 टक्के टॅक्स आहे, 5,70,000 आधी भरा, मगच पैसे निघतील. सोबत पत्र, वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का, बऱ्यापैकी इंग्रजी. ते घेऊन हे माझ्याकडे आले कारण मी दरवर्षी माझं रिटर्न स्वतः भरते, आणि आले ते विचारायला नाही तर उसने मागायला. मला पहिल्यांदा खरंच वाटलं, कारण 30 टक्के तर खरेच आहेत! त्यांचं खोटं असं खऱ्याला चिकटवलेलं असतं. पण मग मी पत्र नीट वाचलं. 19 लाखांचे 30 टक्के लावले होते, म्हणजे यांनी स्वतः टाकलेल्या चार लाखांवरसुद्धा टॅक्स. कायद्यात तर नफ्यावर आहे. दुसरं, भरायचे कुठे तर कोणाच्या तरी बचत खात्यात. माझं टॅक्सचं चलान आपल्या पॅनवर निघतं आणि पैसे सरकारच्या खात्यात जातात, मध्ये कोणी माणूस नसतो. मी त्यांना म्हटलं, भाऊजी, मॅडमला विचारा की 19 लाखांतूनच कापून घ्या आणि उरलेले द्या. उत्तर आलं, "सर टॅक्स अलग से देना पड़ता है, कंपनी पॉलिसी." मग मी पैसे दिले नाहीत.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार टाकली. एका खात्यात थोडी रक्कम थांबवलेली सापडली, बाकी पुढे निघून गेली होती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे भाऊजी कितीतरी दिवस माझ्याशी बोलत नव्हते. त्यांचं म्हणणं, तुम्ही तेवढे पैसे दिले असते तर 19 लाख मिळाले असते, तुमच्यामुळे गेले. ते 19 लाख कधी नव्हतेच हे त्यांना अजूनही पूर्ण पटलंय असं मला वाटत नाही.

पानठेलेवाला, पांढरकवडा

बाई, तुमचा अनुभव वाचून अंगावर काटा आला. ज्याले खरा टॅक्स कसा भरतेत हे माहीत हाये त्याले हा डाव लगेच कळते, म्हणूनच मी वर ते वाक्य ठोकून लिहिलं होतं. टीडीएस एक्सचेंज आपोआप कापते, बाकीचा आपुन भरतो, अन् टॅक्स दहा हजाराच्या वर असन तर 15 मार्चच्या आत ॲडव्हान्स टॅक्स म्हणून भरा लागते, नाईतर व्याज. पैसे काढाच्या आधी कोणतंच खरं एक्सचेंज तुमच्याकडून टॅक्स मागत नाई.

अमरावतीत शिकणारा, गाव दर्यापूरकडे

काकाला असंच ॲप कोणी दिलं होतं. मी दोन गोष्टी चेक केल्या. एक म्हणजे ॲपमध्ये पैसे काढल्याचा जो हॅश, म्हणजे व्यवहाराचा नंबर, दाखवत होते तो ट्रॉनस्कॅन या क्रिप्टो व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर टाकला. खरा व्यवहार असेल तर तिथे दिसतोच, कोणालाही दिसतो. यांचा दिसला नाही, नुसतेच आकडे-अक्षरं जुळवलेली. काकाला स्क्रीन दाखवली, त्यांना काही कळलं नाही, पण माझा चेहरा पाहून त्यांनी पुढचे पैसे टाकले नाहीत.

दुसरं, एफआययू, म्हणजे संशयास्पद पैशांच्या व्यवहारांवर नजर ठेवणारी केंद्र सरकारची संस्था. मार्च 2023 पासून भारतात धंदा करणाऱ्या एक्सचेंजला मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली तिथे नोंदणी करावी लागते. डिसेंबर 2023 मध्ये बायनान्ससकट नऊ परदेशी एक्सचेंजना नोटिसा गेल्या होत्या, नंतर बायनान्सला दंड झाला. काकाच्या ॲपचं नाव कुठेच नव्हतं, ओळखीच्या एक्सचेंजच्या नावात एक अक्षर फिरवलेलं होतं. पण नोंदणी आहे म्हणजे पैसा सुरक्षित, असं पण नाही हां. वझीरएक्स भारतातलंच, 18 जुलै 2024 ला तिथून 23 कोटी डॉलरच्या आसपास चोरी झाली आणि लोकांचे व्यवहार कितीतरी महिने बंद राहिले.

वरुडचा संत्रेवाला

तुम्ही सगळे मोबाईलवर फसले, आमच्याकडे तर हॉलमध्ये बोलावून, जेवण घालून फसवत. गेनबिटकॉइन नावाच्या स्कीमच्या वेळची गोष्ट, 2016-17. महिन्याले 10 टक्के, 18 महिने, तेबी बिटकॉइनमध्ये. सांगणारा आपलाच सोयरा, अंगात कोट, उन्हाळ्यात! आमच्या वडलायनं एकच विचारलं, "बगीचा ठेक्यानं देल्ला तर गारपीट होते, भाव पडते, तुमच्या धंद्यात गारपीट नाई का?" तो हसला, लोकबी हसले. पुढे बिटकॉइनच्या जागी त्यायनं स्वतःचंच एमकॅप नावाचं टोकन देणं चालू केलं, ते कोणी घेईना. 2018 मध्ये मुख्य माणसाले अटक झाली, नंतर केस सीबीआयकडे गेली. सोयरा अजून लग्नात भेटते, पंगतीत दूर बसते.

लाखनीकडचा

आमच्या गावात पैसे टाकून नाई, पासबुक देऊन फसले. कॉलेजच्या पोट्ट्यायले म्हणे क्रिप्टो कंपनीले खाते लागतेत, एटीएम, पासबुक अन् सिम द्या, पाच हजार घ्या. पोट्ट्यायले वाटलं फुकटचे. मेहकरच्या बाईनं लिहिलं ना, दरवेळी येगळं खातं, ते असेच कोण्या गावचे पोट्टे असतेत. मंग पोलिसांची गाडी आली, ज्याच्या नावानं खातं तोच पहिला आरोपी. एकाची पोलीस भरतीची तयारी चालू होती.

नवीन, आर्णी

सगळं वाचलं. मोठ्या भावानं परवाच अशाच ॲपमध्ये पैसे टाकले, आज टॅक्सचाच मेसेज आला, आकडाबी तसाच. अन् आज दुपारून एक वकील म्हणवणारा फोन करून रायला का तुमचे अडकलेले पैसे काढून देतो, फक्त फी आधी द्या. त्याले कसं माहीत झालं आमचे अडकले म्हणून? काय करू आता?

मेहकरच्या बाई

तो वकील त्याच टोळीतला असतो, नाहीतर त्यांनीच नंबर विकलेला, उचलू नका. आत्ता 1930 ला लावा, लागला नाही तर लावत राहा, आणि cybercrime.gov.in या सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर पण तक्रार टाका. भावाला म्हणावं ॲप आणि ग्रुप डिलीट करू नको, बाहेर पण पडू नको, आधी सगळ्याचे फोटो काढ. ज्या ज्या खात्यात पाठवले त्यांचे नंबर आणि प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर हाताशी ठेवा, तिकडे पहिल्यांदा तेच विचारतात. परवाचे आहेत ना, मग अजून कुठल्या खात्यात थांबवता येऊ शकतात. इथे उत्तर लिहीत बसू नका, फोन लावा.