मदत हवी आहे: मामांचा बाराखडीचा जुना प्रोग्रॅम स्पेक्ट्रम प्लस टूवर नीट चालत नाही

पंचवटीकर
नमस्कार. माझ्या मामांनी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात स्पेक्ट्रम प्लस या घरगुती संगणकावर मुलांसाठी बाराखडीचा आणि पाढ्यांचा असे दोन प्रोग्रॅम लिहिले होते. ते यंत्र आता राहिलेले नाही, पण कॅसेट शाबूत आहे. इंग्लंडहून आलेल्या प्लस टूवर (त्याच मालिकेतले नंतरचे यंत्र) ती लावली असता दोन्ही प्रोग्रॅम लोड होतात. मात्र बाराखडीत काही अक्षरांच्या जागी भलतेच इंग्रजी शब्द उमटतात आणि पाढे सुरू होताच यंत्र रीसेट होते. रविवारी मामांची पंचाहत्तरी आहे, त्यामुळे कृपया लवकर सांगावे.

जुनीफीत
नाशिकच्या पावसाळ्यात कॅसेटला बुरशी धरते. आधी फीत वाचणारे हेड स्पिरिटने पुसा आणि बारीक स्क्रू फिरवून त्याचा कोन जुळवा. माझ्या अनुभवात दहापैकी नऊ तक्रारींचे मूळ तिथेच असते.

गंगापूररोड
यंत्र करडे आहे की काळे, हे लिहिलेलेच नाही. मेनूच्या दुसऱ्या ओळीत ‘१२८ बेसिक’ दिसते की ‘+३ बेसिक’? काळे, म्हणजे प्लस टू-ए असेल, तर अडचण वेगळी आहे. जुन्या यंत्रात २५५ क्रमांकाचे पोर्ट वाचल्यास त्या क्षणी पडद्यावर जाणारी बाइट हाती येत असे आणि काही खेळ तिच्यावर आपली वेळ जुळवत. काळ्या यंत्रात तसे होत नसल्याने ‘अर्कानॉइड’ची पहिली आवृत्ती तिथे अडकते.

फ्यूजभक्त
एवढा खटाटोप कशासाठी? कॅसेटचा आवाज संगणकात घ्या, फाइल बनवा आणि फ्यूज इम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, चालवा.

पंचवटीकर
यंत्र करडे आहे आणि दुसरी ओळ ‘१२८ बेसिक’ अशी आहे. खेळांचा येथे संबंध नाही. मामांना खरे यंत्र दाखवायचे आहे, त्यामुळे इम्युलेटरही नको. पहिल्याच ओळीतल्या ‘टेप लोडर’वर एंटर दाबतो, आणखी कसे लोड करणार?

सिडको_झेड८०
उमटणारे शब्द ‘स्पेक्ट्रम’ आणि ‘प्ले’ हेच आहेत का?

पंचवटीकर
होय, तेच दोन!

सिडको_झेड८०
मग हेडचा दोष नाही. टेपवरील प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी पडताळणीची बाइट असते. ती जुळली नाही, तर यंत्र ‘टेप लोडिंग एरर’ म्हणून थांबते.

‘टेप लोडर’ १२८ पद्धतीत लोड करतो, हे खरे कारण आहे. ४८के बेसिकमध्ये (४८ किलोबाइट मेमरीच्या जुन्या यंत्राच्या प्रोग्रॅमिंग भाषेत) १४४ ते १६४ या क्रमांकांवर स्वतः आखायची २१ चिन्हे मिळत, आणि मामांनी देवनागरी अक्षरे तिथेच बसवली असणार. १२८ बेसिकने शेवटचे दोन क्रमांक, म्हणजे १६३ आणि १६४, ‘स्पेक्ट्रम’ आणि ‘प्ले’ या नव्या आज्ञांना दिले.

पाढ्यांच्या प्रोग्रॅमचे मूळही बहुधा इथेच आहे. मेमरीतल्या २३२९६ पासूनच्या २५६ बाइट म्हणजे प्रिंटर बफर, छापायचा मजकूर तात्पुरता ठेवायची जागा. प्रिंटर नसला की ती जागा रिकामी पडून असे, म्हणून लोक तिथे मशीन कोड ‘पोक’ करत, म्हणजे प्रोसेसरच्या थेट सूचना मेमरीत लिहीत. १२८ पद्धतीत नेमक्या त्याच जागेत मेमरीची पाने बदलणारे रूटीन असते. ते पुसले गेले की यंत्र कोलमडते.

यंत्र रीसेट करा, मेनूतून ‘४८ बेसिक’ निवडा आणि ‘जे’ दाबा. एका कळीत ‘लोड’ उमटेल. करड्या यंत्राच्या कळांवर ‘लोड’सारखे मोजके शब्द सोडून बाकीच्या आज्ञा छापलेल्या नाहीत, त्यामुळे त्या शोधत बसू नका. नंतर सिंबल शिफ्ट धरून ‘पी’ दोनदा, एंटर, आणि टेप सुरू.

जुनीफीत
पडताळणी जुळली तरी हेड घाणेरडे राहू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

गंगापूररोड
फ्यूजभक्तांसाठी: इम्युलेटरमध्ये मॉडेल १२८ निवडून तसेच लोड केले, तर तिथेही हेच दोन शब्द उमटतील.

पंचवटीकर
दोन्ही प्रोग्रॅम चालले, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ही जागेवर आले. मनापासून आभार. आता नव्या कॅसेटवर प्रत काढायची आहे. नुसते ‘सेव्ह’ पुरेल का?

सिडको_झेड८०
अक्षरांचे आकडे ‘डेटा’ ओळींत असतील तर पुरेल. ते वेगळ्या ब्लॉकमधून लोड होत असतील, तर तो ब्लॉक ‘सेव्ह’ला ‘कोड यूएसआर "ए", १६८’ जोडून वेगळा साठवावा लागेल. २१ चिन्हे, प्रत्येकी ८ बाइट. लिस्टिंगच्या पहिल्या दहा ओळी येथे टाका, म्हणजे नक्की सांगता येईल.