ट्राय-कॅच लावूनही एका फाइलच्या अभावी नोडचा प्रोग्राम बंद का पडतो?

सायंसंकलन यांचा प्रश्न

आमच्या भागातील एका दूध संस्थेसाठी मी नोड-जेएसमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) एक छोटा प्रोग्राम लिहिला आहे. चौदा संकलन केंद्रांकडून रोज संध्याकाळी एकेक सीएसव्ही फाइल येते. रात्री साडेनऊला हा प्रोग्राम फॉर-लूपमध्ये प्रत्येक फाइलसाठी क्रिएट-रीड-स्ट्रीम (फाइल तुकड्यातुकड्याने वाचणारी स्ट्रीम देणारे फंक्शन) वापरून वाचन सुरू करतो आणि लिटर, फॅट व एसएनएफच्या (दुधातील फॅटव्यतिरिक्तचे घन पदार्थ) नोंदी डेटाबेसमध्ये भरतो. एखादी फाइल आली नाही तर तेवढे केंद्र वगळून पुढे जाता यावे, म्हणून लूपमधील संपूर्ण भाग मी ट्राय-कॅचमध्ये ठेवला आहे, म्हणजे ट्रायमध्ये त्रुटी आली तर कॅचने ती झेलावी.

परवा तिसऱ्या केंद्राची फाइल आली नाही आणि प्रोग्राम बंद पडला. स्क्रीनवर 'अनहँडल्ड एरर इव्हेंट' आणि त्याखाली 'ईएनओईएनटी' (फाइल सापडली नाही) अशी त्रुटी होती. कॅचमध्ये मी लिहिलेला संदेश एकदाही उमटला नाही. त्याहून चमत्कारिक म्हणजे लूपनंतरची 'सर्व फाइली वाचून झाल्या' ही ओळ त्रुटीच्या आधीच छापली गेली होती, आणि पहिल्या दोन केंद्रांच्या फाइली व्यवस्थित असूनही त्यांची एकही नोंद डेटाबेसमध्ये नव्हती. कॅच त्रुटी पकडत नसेल, तर तो लिहिण्याचा उपयोग काय?

जुना सीवाला यांचे उत्तर

आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या आधी छापल्या गेलेल्या ओळीतच आहे. क्रिएट-रीड-स्ट्रीम हे फंक्शन फाइल उघडत नाही. ते केवळ स्ट्रीमची वस्तू तयार करून लगेच आपल्या हाती देते आणि फाइल उघडण्याचे काम मागाहून व्हावे म्हणून नोंदवून ठेवते. त्यामुळे आपला लूप निमिषार्धात चौदा वेळा फिरला, चौदाही ट्राय-कॅच कोणतीही त्रुटी न येता संपले, शेवटची ओळ छापली गेली, आणि त्यानंतर कधीतरी ऑपरेटिंग सिस्टिमने कळवले की तिसरी फाइल जागेवर नाही. चोर आला तेव्हा राखणदार घरी जाऊन झोपला होता, असाच हा प्रकार आहे.

कॅचला फक्त तीच त्रुटी दिसते, जी त्याच्या ट्रायमधून बोलावलेल्या फंक्शनांच्या साखळीत, म्हणजे त्याच कॉल स्टॅकवर (चालू असलेल्या फंक्शनांची चळत), आणि तो ट्राय चालू असतानाच फेकली जाते. इव्हेंटचा लिसनर (ती घटना घडल्यावर बोलावले जाणारे फंक्शन) किंवा टायमरचा कॉलबॅक (वेळ झाल्यावर बोलावले जाणारे फंक्शन) चालतो तेव्हा तो स्टॅक केव्हाच रिकामा झालेला असतो. म्हणून स्ट्रीम अशी त्रुटी फेकत नाही, तर 'एरर' नावाच्या इव्हेंटद्वारे कळवते. नोडच्या इव्हेंट-एमिटरमध्ये, म्हणजे इव्हेंट कळवणाऱ्या वस्तूमध्ये, या एकाच नावाला वेगळी वागणूक आहे: इतर कोणत्याही इव्हेंटला लिसनर नसेल तर काहीच घडत नाही, परंतु 'एरर'ला लिसनर नसेल तर एमिटर ती त्रुटी स्वतःच फेकतो, आणि तिला झेलणारा वर कोणी नसल्यामुळे संपूर्ण प्रक्रिया थांबते. पहिल्या दोन फाइली उघडल्या गेल्या असतील, पण त्यांचे वाचन होण्याआधीच तिसरीने सगळ्यांना खाली ओढले. प्रत्येक स्ट्रीमला 'एरर'चा लिसनर जोडावा, म्हणजे प्रोग्राम तरेल.

रात्रपाळी यांचे उत्तर

इतक्या खोलात जाण्याची गरज वाटत नाही. प्रोग्रामच्या सुरुवातीला प्रोसेस या वस्तूवर 'अनकॉट-एक्सेप्शन'चा (कोणीच न झेललेली त्रुटी) लिसनर लावून त्रुटी लॉगमध्ये लिहावी. माझा एक सर्व्हर अशा रीतीने दोन वर्षे एकदाही बंद न पडता चालू आहे.

तळटीप यांचे उत्तर

रात्रपाळी यांच्या सल्ल्याशी मी सहमत नाही, आणि नोडचे अधिकृत दस्तऐवजही नाहीत. तेथे स्पष्ट बजावले आहे की अशी त्रुटी आल्यानंतर नेहमीसारखे काम चालू ठेवणे सुरक्षित नाही. संगणकाची प्रणाली अद्ययावत होत असताना विजेची पिन उपटण्याशी त्याची तुलना केली आहे, जे दहापैकी नऊ वेळा खपून जाते. त्या लिसनरचा खरा उपयोग उघडी साधने बंद करून प्रक्रिया संपवण्यापुरता आहे. दुधाच्या हिशेबात एखादे ट्रान्झॅक्शन (डेटाबेसमध्ये एकत्र पूर्ण व्हायच्या नोंदींचा गट) अर्धवट उघडे राहिले आणि प्रोग्राम मात्र चालूच राहिला, तर दहा दिवसांच्या बिलाच्या वेळी तो फरक शोधून काढणे बंद पडलेल्या प्रोग्रामपेक्षा कितीतरी त्रासाचे ठरेल. सर्व्हर बंद पडला नाही याचा अर्थ त्याने बरोबर काम केले असा होत नाही.

आणखी एक गोष्ट. पाइप वापरून एक स्ट्रीम दुसरीला जोडली, तर पहिलीची त्रुटी दुसरीकडे जात नाही. केवळ शेवटच्या स्ट्रीमला लिसनर लावून निश्चिंत होणाऱ्यांपैकी मीही एक होतो. 2018 मध्ये आलेल्या नोड 10 पासून पाइपलाइन हे फंक्शन उपलब्ध आहे. ते साखळीतील कोणत्याही स्ट्रीमची त्रुटी एकाच ठिकाणी आणून देते आणि उरलेल्या स्ट्रीमही बंद करते.

सायंसंकलन

आपणा सर्वांचा आभारी आहे. 'एरर'चे लिसनर लावल्यावर प्रोग्राम बंद पडणे थांबले. मात्र आता 'एंड' इव्हेंटमध्ये छापली जाणारी एकूण लिटरची बेरीज रोज कमी येते. प्रत्येक तुकडा आल्यावर चालणारा 'डेटा'चा लिसनर असिंक आहे आणि त्यात डेटाबेसमध्ये नोंद भरली जाईपर्यंत थांबण्यासाठी अवेट लावला आहे. नोंद भरली गेली की तेवढे लिटर बेरजेत मिळवले जातात. मग 'एंड' आधी कसा येतो?

जुना सीवाला यांचे उत्तर

अवेटमुळे आपला लिसनर थांबतो, स्ट्रीम थांबत नाही. एमिटर लिसनरांना नोंदणीच्या क्रमाने बोलावतो आणि त्यांनी परत दिलेल्या प्रॉमिसकडे (काम मागाहून पूर्ण होईल किंवा फसेल हे कळवणारी वस्तू) साधारणपणे ढुंकूनही पाहत नाही. त्यामुळे फाइल वाचून संपते, 'एंड' येतो, बेरीज छापली जाते, आणि काही नोंदी तेव्हाही डेटाबेसच्या दाराशी ताटकळत असतात. शिवाय त्यांतील एखादी नोंद फसली, तर ती त्रुटी 'एरर' इव्हेंटमध्ये येणार नाही. ती न हाताळलेले प्रॉमिस ठरेल. पूर्वी अशा वेळी नुसती सूचना छापली जात असे, परंतु 2020 मधील नोड 15 पासून त्यामुळेही प्रक्रिया थांबते.

आपल्या कामासाठी इव्हेंट सोडून फॉर-अवेट लूपने स्ट्रीम वाचणे मला अधिक योग्य वाटते. एक तुकडा हाताळून झाल्याशिवाय लूप पुढचा मागत नाही, आणि फाइल नसल्याची त्रुटी त्या लूपमध्येच फेकली जाते, म्हणजे आपला मूळचा ट्राय-कॅच, ज्याच्यावर आपण रुसला होता, तो जसाच्या तसा उपयोगी पडतो. मात्र तुकडा म्हणजे ओळ नव्हे. तुकड्याच्या शेवटी अर्धी तुटलेली ओळ पुढच्या तुकड्याला जोडून घ्यावी लागेल, अन्यथा मोठ्या फाइलींत एखाद्या उत्पादकाचे नाव एकीकडे आणि लिटर दुसरीकडे जातील.

कॅचमध्ये सरसकट 'केंद्र वगळले' असे लिहू नये. त्रुटीच्या वस्तूवरील कोड तपासावा. तो ईएनओईएनटी असेल तरच केंद्र वगळून पुढे जावे आणि अन्य कोणतीही त्रुटी पुन्हा फेकावी. नाहीतर उद्या आपण एखाद्या व्हेरिएबलचे नाव चुकीचे टाइप केले, तरी चौदाही केंद्रांच्या फाइली आल्याच नाहीत असे लॉगमध्ये दिसेल.