कासवाचं ‘घरटं’ म्हणावं का?

वाळूवाट
मंडळी, एका शब्दावर अडले आहे. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. तिथे शाळेच्या मुलांसाठी माहितीफलक लावायचा आहे आणि मजकूर मराठीत करायचं काम माझ्याकडे आलंय. इंग्रजी मजकुरात ‘नेस्ट’ अकरा वेळा आहे. मी सरळ ‘घरटे’ लिहिलं. रात्रीची गस्त घालणाऱ्या काकांना वाचायला दिलं, तर त्यांनी अकराच्या अकरा ठिकाणी पेन्सिलीने काट मारली. म्हणाले, “कासवीण काय काटक्या वेचायला जाते? ती खणते, घालते, बुजवते नि जाते. खड्डा लिही.”

त्यांचं म्हणणं पटतंही. मी एकदा जवळून बघितलंय. मागच्या पायांनी ती वाळू उपसते, पायाची ओंजळ करावी तशी. दीडेक फूट खोल, तोंड अरुंद आणि तळ गोल, अगदी चंबूसारखा आकार होतो. शंभरेक अंडी घातली की वाळू ओढून घेते आणि डावीकडे-उजवीकडे डुलत अंगाने ती थोपटते. धपधप आवाज येतो.

पण ‘यंदा पंधरा खड्डे सापडले’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला काय कळणार? शिवाय अंडी तिथून उचलून कुंपणातल्या दुसऱ्या खड्ड्यात ठेवतात, इंग्रजीत तोही नेस्टच. दोन्हींना वेगळे शब्द हवेत. रंगारी सोमवारी येतोय.

शब्दवेल्हाळ
काकांना माझा नमस्कार सांगा. ‘घरटं’ पाखराचंच. मराठीत प्रत्येकाच्या निवाऱ्याला आपापला शब्द आहे: सुगरणीचा खोपा, कावळ्याचं कोटं, पोपटाची ढोली, उंदराचं बीळ, मधमाश्यांचं मोहोळ, वाळवीचं वारूळ. इंग्रजीत कासवालाही ‘नेस्ट’ चालतं म्हणून आपण आपले सहा शब्द मोडीत का काढायचे?

दापोलीकर
आपल्याच जिल्ह्यातल्या वेळासला कासवं वाचवण्याचं काम 2002 पासून चालू आहे, कासव महोत्सव 2006 पासून. बातम्यांत ‘कासवाची घरटी’ हेच सर्रास येतं. गावातली शाळकरी पोरंही तेच बोलतात. रुळलेला शब्द आहे, राहू द्या. लोकांना कळतं तो शब्द बरोबर.

शब्दवेल्हाळ
बातमीत येतं म्हणून बरोबर, हे मला कधीच मान्य होणार नाही. भाषांतर करणाऱ्याला घाई होती, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

भीमाकाठ
शब्दवेल्हाळ, मग शेकरूचं काय करणार? भीमाशंकरला चला, दाखवतो. उंच झाडाच्या शेंड्याकडे, बारीक फांद्यांच्या बेचक्यात, पानं आणि काटक्या रचून भलामोठा गोळा केलेला असतो. एकच शेकरू असे अनेक गोळे बांधतं. आम्ही त्याला घरटंच म्हणतो, जंगलखात्याचे लोकही घरटंच म्हणतात. शेकरू काय पाखरू आहे? म्हणजे ‘घरटं’ पक्ष्यापुरतं नाही. बांधलेलं असलं की घरटं.

सायलीची आई
भीमाकाठ म्हणतात ते पटतंय. बांधलं तर घरटं, खणलं तर बीळ, आयतं मिळालं तर ढोली. पण मग खंड्या आणि वेडा राघू? पक्षी असून नदीच्या दरडीत बोगदा खणतात. त्यांना ‘घरटं’ म्हणायचं की ‘बीळ’? आमच्या विहिरीच्या कडेला खंड्याचं होतं. आजी कायम बीळच म्हणायची आणि आम्हाला हात घालू द्यायची नाही, आत साप असेल म्हणून.

खानदेशची लेक
खोपा फक्त सुगरणीचा, हे कोणी ठरवलं? आमच्याकडे चिमणीचाही खोपाच. मुळात खोप म्हणजे झोपडी. खोप, खोपी, खोपट, त्यातलाच हा खोपा. खोपोलीही त्यातूनच आली असणार.

शब्दवेल्हाळ
ताई, गावांच्या नावांवरून व्युत्पत्ती लावणं फार धोक्याचं. खोपोलीला पुरावा काय? आणि बायका केसांचा घालतात तो खोपा कुठून आला मग?

खानदेशची लेक
दादा, आधी सुगरणीचा खोपा हातात घेऊन बघा. वर फुगीर, खाली नळी. शेव काढल्यासारख्या बारीक पट्ट्या, एकीखालून दुसरी काढलेली, कुठे गाठ कुठे वेढा. आत चिखलाचे लहान गोळे चिकटवलेले असतात. माझ्या माहेरी विहिरीवर वाकलेल्या बाभळीला वीस-पंचवीस लटकलेले असायचे. केसांचा खोपाही असाच, गुंफून बांधलेला. मला तरी शब्द एकच वाटतो.

आणि एक सांगते, ज्याचा मला फार राग येतो. नाव ‘सुगरण’, पण बांधतो नर. मादी अर्धा झालेला खोपा येऊन तपासते, पसंत पडला तर राहते. नाही पडला तर तो अर्धवटच लोंबत राहतो, उलट्या टोपलीसारखा. मग ‘सुगरणीने खोपा बांधला’ हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य चूक की बरोबर?

भीमाकाठ
बरोबर. ‘घार’ म्हणताना आपण नर की मादी बघतो का? व्याकरणातलं लिंग वेगळं, अंगातलं वेगळं.

खानदेशची लेक
घारीच्या नावात कसब नाही. सुगरणीच्या नावातच कसब आहे, आणि ते दुसऱ्याच्या खात्यावर लिहिलंय.

कातळसडा
ढोलीबद्दल बोलायचंय. देवरुखच्या बाजूला आमच्या आत्याच्या गावी देवराईत एक जुना बेहडा आहे. त्यात धनेश (हॉर्नबिल पक्षी) बसतो. गावात त्याला गरुड म्हणतात. मादी ढोलीत शिरते आणि विष्ठा, फळांचा गर, मिळेल ते लावून तोंड लिंपून घेते. चोच जाईल एवढी फट उरते, तिच्यातून नर तिला वडाची, उंबराची फळं भरवतो. महाधनेशाची मादी तीन-चार महिने आत असते.

आता मुद्दा. एकदा पाहुणे पक्षीनिरीक्षक आले आणि ‘घरटं कुठे?’ विचारत फांद्या न्याहाळत बसले. आत्याचा मुलगा झाडाखाली गेला, बियांचा सडा दाखवला आणि म्हणाला, “हितं बसलाय.” गावच्या बोलीत घरट्याचं नावच नाही, ‘बसलाय’ हे क्रियापद पुरतं. कासवालाही नामाऐवजी क्रियापदच वापरा की! ‘कासवाने अंडी घातलेल्या जागा’. लांब आहे, पण खोटं नाही.

मडगांवचो
आमच्या कोंकणीत घरट्याला ‘घोंटेर’. मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे कासवं येतात. नाद म्हणाल तर मला घोंटेरच जवळचा, पण घोंटेर म्हटलं की डोळ्यांपुढे झाड येतं, वाळू नाही. त्यामुळे काकांच्या बाजूने माझं एक मत.

नवेगावकर
शब्द नसेल तर घडवावा. वनाधिकारी-लेखक मारुती चितमपल्लींनी बगळ्या-करकोच्यांच्या विणीच्या वसाहतीला ‘सारंगागार’ दिला, कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ दिला. किती नेमके शब्द! त्याच चालीवर ‘कूर्मागार’ करा.

दापोलीकर
नवेगावकर, चितमपल्लींबद्दल पूर्ण आदर. पण ‘आगार’ म्हटलं की कोकणातल्या पोराला नारळी-पोफळी दिसतात, नाहीतर एसटीचा डेपो. ‘कूर्मागार’ वाचून कुणाला वाळूतली अंडी दिसतील का? फलक चौथीच्या मुलांसाठी आहे.

नवेगावकर
चौथीतल्या मुलांना एकदा समजावून सांगितलं तर ती विसरत नाहीत. सोपा शब्द द्यायचा म्हणून आपण त्यांना कायम चारच शब्दांत कोंडून ठेवतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ‘रातथारा’ घ्या. रात्री पाखरं मुक्कामाला जिथे जमतात ती जागा. या शब्दाची व्याख्या करावीच लागत नाही.

सायलीची आई
‘घरटे’ची फोड कोणी केली आहे का? पोर-पोरटं तसं घर-घरटं, म्हणजे लहानसं घर, असं मी धरून चालले होते. पण ‘घरटी शंभर रुपये वर्गणी’ यातलं ‘घरटी’ वेगळं दिसतं. तिथे लहानपणा नाही, ‘दर घरामागे’ एवढाच अर्थ.

शब्दवेल्हाळ
चांगला प्रश्न. ‘पोरटं’, ‘कारटं’ यांतल्या ‘टं’ला तुच्छतेचा वास आहे, घरट्याला नाही. त्यामुळे दोन्ही ‘टे’ एकच, असं मी म्हणणार नाही.

वाळूवाट
सगळ्यांचे आभार. पण दुसऱ्या खड्ड्याचं काय? कुंपणातल्या जागेला इंग्रजीत हॅचरी म्हणतात, त्याचं ‘उबवणी केंद्र’ केलं होतं. काकांनी त्यावरही बोट ठेवलं. “उबवायला तिथे बसतंय कोण?”

कातळसडा
खरंय त्यांचं. कोंबडी रवणीला बसते, अंगाची ऊब देते, दिवसातून अनेकदा अंडी फिरवते. कासवीण मागे वळूनही बघत नाही. ऊब वाळूची. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निघतात, कमी तापली तर नर.

मडगांवचो
आणि संतांनी तर कासवीच्या दृष्टीवर पिल्लं वाढतात म्हटलंय! लहानपणी कीर्तनात ऐकलेलं. कूर्मदृष्टी हा शब्द अजून कुणाच्या बोलण्यात येतो का?

खानदेशची लेक
माझे आजोबा म्हणायचे. मी परगावी शिकायला निघाले तेव्हा ते डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “कासवीसारखं लक्ष आहे हो इथून.” वाळूतली अंडी सोडून ती समुद्रात जाते हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. त्यांनाही नसेल. तरी तो शब्द मी सोडणार नाही.

शब्दवेल्हाळ
सोडू नकाच. पण कातळसडा, ‘रवणीला’ लिहिलंत. आमच्याकडे ‘रवणात बसली’ असं म्हणतात. मूळ रूप ‘रवण’ की ‘रवणी’?

कातळसडा
रवणी. आत्याला आत्ताच फोन करून विचारलं.

भीमाकाठ
आमच्याकडे ‘खुडूक झाली’ एवढंच. रवण मी पहिल्यांदाच ऐकतोय. ‘खुडूक’ आणि ‘रवण’ एकच, की खुडूक आधी होते आणि रवणीला नंतर बसते? कोंबड्या पाळणाऱ्या कुणी सांगा.